तळाची तक्रार

“तक्रार शेवटून वाचायची, बाबा. सुरुवातीला माणूस ओरडत असतो, मधे आपली बाजू मांडत असतो; आणि जे खरं सांगायचं असतं ते अगदी शेवटी, निघता निघता, दारात चपला शोधताना सांगावं तसं सांगून टाकतो. तेवढं वाच. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.”

थोरले साहेब हे इतक्या वेळा म्हणायचे की त्यांच्या हाताखालच्या माणसांनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण कुठं ऐकतो? ते बंद पडलं की मात्र खोली एकाएकी मोठी वाटू लागते. थोरले साहेब गेले तेव्हा ऑफिसातली त्यांची खोली अशीच मोठी झाली, आणि महिनाभरातच ती पुन्हा लहान झाली, कारण त्यांच्या खुर्चीच्या जागी तक्रारींचा ढीग येऊन बसला.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना त्यांच्या इमारतीत सगळे ‘लिफ्टवाले’ म्हणत. हे नाव त्यांना मुळीच पसंत नव्हतं. ते चांगले पदवीधर, तेही दोन वेळचे. लिफ्टच्या तारेला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. ते काम करत ती कंपनी लिफ्ट बनवी हे खरं. पण त्यांच्या खोलीत सांभाळला जाई तो लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम. लिफ्टनं कधी थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, दोन मजल्यांवरून एकदम बोलावणं आलं तर आधी कुणाकडं जायचं, हे सगळं ठरवणारा तो प्रोग्रॅम. लिफ्टवाले शेजाऱ्यांना म्हणत, “मी लिफ्टच्या मेंदूचं काम बघतो.” त्यावर तळमजल्यावरच्या बाई म्हणत, “हो का? मग मेंदूला सांगा, आरशावर डाग पडलाय.” दैवगती अशी की इमारतीतली लिफ्टही नेमकी त्यांच्याच कंपनीची होती. त्यामुळे रविवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या या गृहस्थांना जिन्यात गाठून लोक लिफ्टची गाऱ्हाणी ऐकवत, आणि त्यांची समजूत अशी झाली होती की जगात मान असा राहिलेला नाही.

हा प्रोग्रॅम होता जुना. त्याच्या हजारो फायली. कुठल्या फायलीत काय दडलंय हे एकट्या थोरल्या साहेबांना ठाऊक, कारण अर्ध्याअधिक त्यांनीच लिहिलेल्या. तक्रार आली की ते चष्मा कपाळावर चढवून शेवटची ओळ वाचत, क्षणभर छताकडं बघत आणि फायलीचं नाव सांगत. ते गेल्यावर तक्रार आली की ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई आणि फिरून पहिल्या टेबलावर येई. देवळाला प्रदक्षिणा घातली तर पुण्य तरी लागतं. या प्रदक्षिणेत तेही नव्हतं.

थोरल्या साहेबांच्या पत्नी याच इमारतीत, सर्वांत वरच्या, सातव्या मजल्यावर राहत. त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांच्या शेजारच्या घराला कुलूप होतं, मूलबाळ नव्हतं, साहेब गेल्यापासून काकूंकडं येणारं माणूस म्हणजे लिफ्टवाल्यांची बायको. ती रोज संध्याकाळी डबा घेऊन वर जाई, आणि तेही लिफ्टनं नव्हे, जिन्यानं, एकेका पायरीला देवाचं नाव घेत. साहेब आजारी होते तेव्हा तिनं हा नेम धरला होता. ज्याच्यासाठी धरला तो माणूस वाचला नाही. पण देवाशी बोलणं झालंय ते आपल्या बाजूनं मोडायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. लिफ्टवाले एकदा तिला म्हणाले होते, “अगं, आता कशाला पायऱ्या चढतेस? ज्यांच्यासाठी होतं ते तर...” ती म्हणाली, “मग काय झालं?” आणि चढत राहिली.

तर काकूंचं गाऱ्हाणं असं होतं की लिफ्ट त्यांना खाली नेत नाही.

“मी आत जाते. बटण दाबते. दार लागतं. बटणातला दिवा लागतो आणि विझतो. थोड्या वेळानं पंखा थांबतो, वरचा दिवाही जातो. मग मी अंधारात उभी. चाचपडत दार उघडायचं बटण शोधते. उघडतं ते याच मजल्यावर.”

मिस्त्री आला. हातात पिशवी, कानावर पेन्सिल. काकूंना घेऊन लिफ्टमध्ये शिरला, खाली गेला, वर आला, फिरून खाली गेला.

“आजी, पळतेय की हो.”

“तुम्ही असलात की पळते.”

मिस्त्री बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्यानं कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं आणि पाणी पिऊन निघून गेला. मग लिफ्टवाल्यांनी स्वतः पाहणी केली. त्यांची अंगकाठी म्हणजे काठी नव्हेच. चांगला ओंडका होता. ते एकटे वर गेले, एकटे खाली आले. लिफ्ट लोण्यासारखी चालली.

इमारतीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, एकट्या माणसाला सोबतीची भूक लागते. लिफ्टचं आपलं निमित्त. कुणी असलं की चालते म्हणे! मीसुद्धा कुणी असलं की चालते, नाहीतर बसूनच असते.” तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त वकील होते. ते म्हणाले, “वयाचा परिणाम. माझ्या एका अशिलाला आपल्या घराचं दार उघडत नाही असं वाटायचं. शेवटी कळलं, ते घरच त्याचं नव्हतं.” असं बोलणं वर सातव्या मजल्यापर्यंत जायला लिफ्ट लागत नाही. ते काकूंच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून ‘कुणी असलं की चालते’ हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. सोबत येता का म्हणून कुणाला विचारणं तर दूरच.

पण त्यांना खाली जायचं मात्र होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णालयात त्यांचा थोरला भाऊ पडून होता. आईमागं त्यानंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं.

“एकदा भेटून येऊ दे रे मला,” त्या लिफ्टवाल्यांना म्हणाल्या. “त्याचं बोलणं थांबायच्या आत.”

लिफ्टवाल्यांचं मन वाईट नव्हतं. पण ते मन इंजिनिअरचं होतं. “काकू, घाई करू नका. मधेच अडकलो तर तुमचा जीव घाबरेल. एकदा लिफ्ट नीट होऊ दे, मग मी स्वतः तुम्हाला हाताला धरून भावाकडं नेतो. शब्द दिला. तुम्ही फक्त तक्रार लिहून द्या. तक्रारीवाचून आमच्याकडं पान हलत नाही.”

काकूंनी त्या रात्रीच चार ओळी लिहिल्या. बायकोनं कागद खाली आणला. लिफ्टवाल्यांनी तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाइप करायला देऊन ढिगात जमा केला. वाचला नाही. वाचायचं काय त्यात? काय असणार ते त्यांना ठाऊकच होतं.

*

मात्र त्या दिवशी ढिगाकडं बघताना त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. शहाण्या माणसानं डोक्यात कल्पना आली की थंड पाणी पिऊन थोडं पडावं. लिफ्टवाले उठून साहेबांकडं गेले.

या साहेबांना ऑफिसात ‘तारीखसाहेब’ म्हणत, कारण त्यांना काहीही सांगितलं तरी ते एकच विचारत.

“साहेब, थोरल्या साहेबांच्या जागी दुसरा माणूस मिळणार नाही. पण एक शोधणारं यंत्र करता येईल. तक्रारीतले शब्द घ्यायचे, प्रोग्रॅमच्या फायलींतले शब्द घ्यायचे, आणि ज्या फायलीशी ते जास्त जुळतील ती फाईल आपोआप पुढं येईल. माणसानं शोधत बसायलाच नको.”

“तारीख?” तारीखसाहेब म्हणाले.

लिफ्टवाल्यांनी एक तारीख सांगितली. काहीतरी सांगायची म्हणून सांगितली. पण ती भिंतीवरच्या फळ्यावर लाल खडूनं लिहिली गेली आणि ब्रह्मवाक्य झाली.

यंत्रासाठी नवा, ताकदीचा कॉम्प्युटर हवा होता. भांडारपालांनी मागणी वाचली आणि मान हलवली. “‘शोधणारं यंत्र’ असं आमच्याकडं काही बसत नाही. यात ठेवणार काय?”

“तक्रारी. हजारो. आणि लागेल ती चटकन काढणार.”

“मग असं सरळ सांगा की,” भांडारपाल म्हणाले आणि त्यांनी योग्य त्या सदराखाली मागणी मंजूर केली. पुढच्या आठवड्यात चौघा हमालांनी लिफ्टवाल्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आणून ठेवलं. चांगलं टिकाऊ कपाट होतं. परत न्यायला वेगळी मंजुरी लागते असं कळलं, म्हणून ते त्यांच्या खुर्चीमागं कायमचं उभं राहिलं. खुर्ची मागं सरेना. उठायचं झालं की लिफ्टवाल्यांना टेबलाखालून बाजूला निसटावं लागे. माणसाची प्रतिष्ठा कुठं आणि कशी जाईल ते सांगता येत नाही. काही जणांची भर सभेत जाते, काहींची टेबलाखालून.

शेवटी त्यांनी आपल्या जुन्याच कॉम्प्युटरवर यंत्र उभं केलं. त्याची खुबी होती वजनात. लिफ्टवाले ती समजावून सांगत तेव्हा त्यांचा चेहरा खुले. “जो शब्द सगळ्याच तक्रारींत येतो, त्याला वजन शून्य. ‘कृपया’, ‘मदत’, ‘लिफ्ट’, ‘बंद’, ‘चालत नाही’: हे सगळेच लिहितात. त्यातून कळणार काय? ते आधीच गाळून टाकायचे. जो शब्द विरळा, त्याला भारी वजन. सोनं महाग का? विरळा म्हणून.” सगळ्यांच्या तोंडी जे असतं ते कवडीमोल, हा हिशोब त्यांना तेव्हा फार सुंदर वाटला होता. जगात सगळ्यांच्याच तोंडी ‘मदत करा’ एवढंच का असतं, हा विचार यंत्रात बसण्यासारखा नव्हता.

ज्या दिवशी यंत्र सुरू झालं त्या दिवशी सगळ्यांत वर आली ती वकीलसाहेबांची तक्रार. तिच्यात ‘अक्षम्य’, ‘अनाकलनीय’, ‘प्रदीर्घ विलंब’, ‘मनस्ताप’ असे एकेक वजनदार शब्द होते, एखाद्या खटल्यात शोभावेत असे. सगळी मिळून तक्रार इतकीच होती की लिफ्ट यायला उशीर लागतो. यंत्रानं ‘विलंब’ हा शब्द उचलला आणि दार किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवणारी फाईल पुढं केली, कारण थोरल्या साहेबांनी तिथं विलंबाचं कोष्टक मांडलं होतं. तारीखसाहेब खूष झाले. विलंब कमी करण्याचा हुकूम सुटला. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टचं दार असं मिटू लागलं की जणू आत काही चोरीचा माल आहे. वकीलसाहेबांचा अर्धा कोट तिसऱ्या मजल्यावर राहिला आणि वकीलसाहेब उरलेल्या अर्ध्यासह चौथ्यावर गेले.

“लिफ्टवाले,” ते जिन्यात म्हणाले, “मी तुमच्यावर दावा लावणार नाही. शेजारधर्म आहे. पण हे बघा.” आणि त्यांनी उरलेली बाही दाखवली.

अपमानानं माणूस बोलू लागतो. लिफ्टवाल्यांनी तिथंच जिन्यात उभं राहून, जमलेल्या मंडळींना यंत्राचं सगळं शास्त्र सांगितलं. दोष यंत्राचा नसून त्यात पडणाऱ्या शब्दांचा कसा असतो, कुठला शब्द वर जातो, कुठला बुडतो, सगळं. मंडळींनी मन लावून ऐकलं. इतकं मन लावून त्यांचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, हेच त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

“म्हणजे साधं लिहिलं तर तळाला?” तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

“अगदी बरोबर!” लिफ्टवाले आनंदानं म्हणाले.

त्या आठवड्यात इमारतीतून ज्या तक्रारी गेल्या त्यांची भाषा कुणी ऐकली असती तर म्हणाला असता, इथं लिफ्ट नसून राज्य बुडालंय. तळमजल्यावरच्या बाईंनी आरशावरच्या डागाला ‘कृष्णवर्णीय कलंक’ म्हटलं. पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लिफ्टच्या कुरकुरीला सांध्यांच्या एका आजाराचं नाव दिलं. कुणी शब्दकोश उघडून बसलं, कुणी सासऱ्यांच्या जुन्या पोथ्या काढल्या. सगळ्या तक्रारी यंत्रात वर, अगदी शिखरावर जाऊन बसल्या. आणि डागाची फाईल शोधता शोधता यंत्रानं दिव्याचा रंग ठरवणारी फाईल काढली, तिच्यात कुणीतरी फेरफार केला, आणि लिफ्टमध्ये हिरवा उजेड पडू लागला. त्या उजेडात सगळी इमारत नुकतीच बुडून वर काढल्यासारखी दिसे.

रोज संध्याकाळी बायको वरून उतरली की म्हणे, “काकू विचारत होत्या.”

“सांग, यादीत आहे.”

“तेच सांगितलं.”

एकदा ती डबा घासता घासता म्हणाली, “काकूंचे कपडे टाके घालून आत घेऊन दिले आज. दोन्ही बाजूंनी मूठमूठभर. डबा तसाच परत येतो हल्ली. घास पुढं केला तर पाखराएवढं खातात.” लिफ्टवाले तेव्हा फेरफाराचा फेरफार कसा उलटवावा या चिंतेत होते. ते ‘हं’ म्हणाले. बायकोच्या बोलण्याला ‘हं’ म्हणणं ही काही गृहस्थांची सवय असते. तीत त्या बोलण्यातले सगळेच शब्द गाळले जातात, यंत्र लागत नाही.

मग ऑफिसातून बोलावणं आलं.

“हे काय?” तारीखसाहेबांनी यादी पुढं सरकवली. “सगळ्या वरच्या तक्रारी तुमच्याच इमारतीच्या? हे यंत्र तुमचं आहे की तुमच्या शेजाऱ्यांचं?”

“साहेब, मी पक्षपात करीन असं वाटतं तुम्हाला?”

“मला काही वाटत नाही. चौकशी समितीला वाटेल. ती बसेल या तारखेला.”

लिफ्टवाल्यांना रडू यायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं नोकरी केली. ऑफिसचं पेन चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा हा माणूस. त्यांनी त्या रागातच यंत्रात एक नियम घातला: आपल्या इमारतीतून आलेली तक्रार मागं ढकलायची. घ्या पक्षपात! शेजारी नाराज झाले, चौकशी समिती खूष झाली, आणि लिफ्टवाल्यांना वाटलं, चला, निदान अब्रू तरी राहिली. त्या ढकलाढकलीत सातव्या मजल्यावरचा एक साधा कागदही मागं गेला असेल, हे त्यांच्या मनात आलं. पण काकूंची तक्रार खरी आहे; खऱ्याला काय भीती? ती कुठंतरी मधे असणार आणि क्रमानं वर येणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपल्याच हातांनी बनवलेल्या वस्तूवर माणसाचा जेवढा विश्वास असतो, तेवढा देवावर असता तर किती बरं झालं असतं.

*

त्या दिवशी सकाळी बायकोनं डबा हातात देताना सांगितलं, “काकूंच्या भावाचं बोलणं थांबलं. नुसते बघतात म्हणे. काल काकूंनी विचारलं नाही.”

“काय विचारलं नाही?”

“लिफ्ट झाली का म्हणून.”

लिफ्टवाले डबा घेऊन निघाले. ऑफिसला जाईपर्यंत त्यांना ते न विचारणं ऐकू येत राहिलं.

टेबलाशी बसताच त्यांनी आधी काकूंची तक्रार शोधली. वरच्या पानावर नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. ते खाली खाली जात राहिले. आरसे गेले, कुरकुरी गेल्या, अक्षम्य आणि अनाकलनीय गेलं. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, सगळ्यांच्या खाली ती पडली होती. जुळणी शून्य. ढकलायचा नियम तिला लागलाच नव्हता. शून्याला आणखी खाली कुठं ढकलणार?

यंत्र आपलं काम कसं केलं ते दाखवत असे. लिफ्टवाल्यांनी पाहिलं. सगळ्यांच्या तक्रारींत येणारे शब्द त्यानं इमानानं गाळले होते. ‘लिफ्ट’ गाळलं होतं, ‘बटण’, ‘दार’, ‘दिवा’ गाळलं होतं. ‘कृपया’ गाळलं होतं. ‘मदत’ गाळलं होतं. गाळता गाळता काकूंच्या चार ओळींतून एकच शब्द शिल्लक राहिला होता.

‘एकटी.’

आणि तो शब्द कंपनीच्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये, त्या हजारो फायलींमध्ये, कुठंच नव्हता.

 लिफ्टवाल्यांनी मूळ कागद काढून पुढं घेतला. आणि कितीतरी दिवसांनी, कुणीतरी पाठीमागं चष्मा कपाळावर चढवून उभं असल्यासारखं, ते शेवटून वाचू लागले.

शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘तुमच्या माणसाने पाहिले तेव्हा लिफ्ट चालत होती, त्याची चूक नाही. दुसरे कोणी आत असले की ती चालते, मी एकटी असले की चालत नाही.’

हे त्यांनी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. मिस्त्रीनं ऐकलं होतं, तळमजल्यावरच्या बाईंनी ऐकलं होतं, वकीलसाहेबांनी त्यावर अशिलाची गोष्ट सांगितली होती. सगळ्यांनी ते एका म्हातारीचं दुःख म्हणून ऐकलं होतं आणि हळहळले होते. ही सरळ तक्रार आहे, असं आहे आणि असं नाही एवढंच सांगणारी, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणी असलं की चालते. एकटी असले की नाही. दुसऱ्या माणसानं लिफ्टमध्ये काय वाढतं?

कपडे आत घेतले. दोन्ही बाजूंनी मूठमूठभर.

लिफ्टवाल्यांनी वजनाची फाईल स्वतःच्या हातानं शोधली. वेळ लागला, पण सापडली. थोरल्या साहेबांनीच लिहिलेली. पोरं लिफ्टमध्ये शिरतात, सगळी बटणं दाबून पळून जातात आणि लिफ्ट रिकामी हिंडत बसते, म्हणून त्यांनी बंदोबस्त केला होता: आतलं वजन ठरावीक वजनापेक्षा कमी भरलं तर आत कुणी नाही असं समजायचं, हुकूम रद्द करायचा, थोडं थांबून दिवा-पंखा बंद करायचा. शेजारी त्यांची नेहमीची टीप होती, पुढच्या माणसाला समजावं म्हणून लिहिलेली:

‘एवढं हलकं मोठं माणूस नसतं. हा पोरांचा चाळा समजावा.’

ही ओळ लिहिली तेव्हा काकू चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या. साहेबांना डबा घेऊन ऑफिसात आल्या की जिना वाजे. आपण गेल्यावर ती किती हलकी होईल, याचा अंदाज साहेबांनी घेतला नव्हता. तसा कोण घेतो?

लिफ्टवाले टेबलाखालून निसटले आणि तारीखसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, एक आकडा बदलायचाय. एकच. आत्ता.”

“चाचणी? मंजुरी?” तारीखसाहेबांनी फळ्याकडं पाहिलं. “पुढच्या महिन्याची तारीख देतो.”

“त्या बाईंच्या भावाकडं पुढचा महिना नाहीये, साहेब.”

तारीखसाहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी मान खाली घातली. “उद्या कुणाचं पोरगं एकटं शिरलं आणि काही झालं तर? त्या दाराच्या आणि हिरव्या दिव्याच्या भानगडीनंतर वरून नियमच आलाय; चाचणीवाचून मी आकडा हलवू शकत नाही. तुम्हीही नाही.”

हे खरं होतं. या सगळ्या प्रकरणात जो तो खरंच बोलत होता, हीच तर पंचाईत होती. लिफ्टवाले परतले. तेव्हा, कपाट आणि टेबल यांच्या मधे अर्धवट वाकलेले असताना, त्यांना जे कळलं ते इतकं साधं होतं की यंत्रानं ते पहिल्याच फटक्यात गाळलं असतं. आकडा बदलायची गरजच नव्हती. कधीच नव्हती. ज्या दिवशी शब्द दिला त्याच दिवशी काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले असते, तर लिफ्ट मुकाट्यानं खाली आली असती.

त्यांनी पिशवी उचलली आणि भर दुपारी, रजेचा अर्ज न देता, आयुष्यात पहिल्यांदा, ते ऑफिसातून बाहेर पडले.

इमारतीच्या दाराशी तळमजल्यावरच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. “आज लवकर? काढलं की काय?” पलीकडे वकीलसाहेब बाही शिवून आणलेला कोट हातावर घेऊन उभे होते. “काढलं असेल तर नोटीस मी लिहून देतो. चांगले शब्द घालून.”

लिफ्टवाल्यांनी दोघांनाही नमस्कार केला.

बायको जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती. ही तिची वर जायची वेळ नव्हे.

“रुग्णालयातून फोन आला होता,” ती हळूच म्हणाली. “बहिणीला आणायचं असेल तर आजच आणा म्हणाले. मी काकूंना सांगायला निघाले होते. खाली कसं आणायचं ते मात्र कळत नव्हतं.”

“मी जातो,” लिफ्टवाले म्हणाले. “तू रिक्षा बघ.”

“लिफ्टनं?”

“लिफ्टनं.”

 तिनं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि रस्त्याकडं गेली.

हिरव्या उजेडात लिफ्टवाले वर गेले. लिफ्ट त्यांना घेऊन लोण्यासारखी चढली; त्यांना काय, वजन होतं. सातव्या मजल्यावर काकूंचं दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, बाहेर जायचे कपडे घातलेले, काठी मांडीवर आडवी. त्या रोजच अशा बसत असाव्यात; दुपारी इथं येऊन कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

त्यांनी मान वर केली.

“झाली का रे लिफ्ट?”

“नाही काकू. ती तशीच आहे. मी आलोय.”

 काकू काठी टेकून उठल्या. उठताना खुर्ची हललीसुद्धा नाही. कुलूप लावायला त्यांना वेळ लागला, लिफ्टवाले थांबले. दोघं लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं, आणि काकूंनी सवयीनं, दिवा जायच्या आधीच, डोळे मिटून घेतले.

लिफ्टवाल्यांनी त्यांचा हात हातात धरला आणि तळमजल्याचं बटण दाबलं.